आधी घर, मग गाडी

हाल्वर आईकडे आला की बूट काढायचा, पण जाकीट काढायचा नाही. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी खुर्चीच्या काठावर टेकायचा. एका हातात कॉफीचा पेला, दुसऱ्यात फोन. फोनमध्ये एखाद्या बाईचा फोटो बघत असता तर गुद्रुनला आनंदच झाला असता. घटस्फोट होऊन त्याला पाच वर्षं झाली होती, आणि आई म्हणून तिने एवढी आशा धरणं गैर नव्हतं. पण तो बघायचा गाडीची बॅटरी.

"चोवीस टक्के," तो म्हणायचा.

"म्हणजे किती?"

"म्हणजे निघायला हवं. फेरीबोटीच्या धक्क्यावर चार्जिंगला रांग असते. रांगेत अडकलो की शेवटची फेरी चुकते."

"आपल्या घरात वीज नाही का? तुझ्या बापाने स्वतःच्या हाताने अठरा बटणं बसवलीत या घरात."

"तीच तर भीती आहे, आई. बाबांच्या वायरिंगवर गाडी लावली तर घर पेटेल. आणि नाही पेटलं तरी साध्या प्लगवर वीस तास लागतील."

"मग बस वीस तास."

हे ती हसत म्हणाली. त्या घरात हसत बोललेल्या गोष्टीला हसूनच उत्तर द्यायची रीत होती, म्हणून हाल्वरही हसला. मग त्याने बूट चढवले, गाडी वळवली आणि उतारावरून खाली रस्त्याला लागला. गुद्रुन खिडकीत उभी राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. गाडीला आवाजच नव्हता. तिच्या नवऱ्याची, आनफिनची, जुनी डिझेल गाडी चर्चपर्यंत पोचली तरी ऐकू यायची, माणूस गेला तरी थोडा वेळ घरात उरायचा. या गाडीतला माणूस वळणावर संपायचा.

तीन वर्षं हेच चाललं होतं. आनफिनला मातीत ठेवला त्या दिवसापासून पोरगा या घरात एक रात्र झोपला नव्हता. त्याची खोली तशीच होती. गुद्रुन दर शनिवारी तिथली चादर बदलायची, आणि न वापरलेली चादर धुताना स्वतःलाच शिव्या घालायची.

आता खरं सांगायचं तर या दुखण्याचं मूळ गुद्रुनच्याच तोंडात होतं. आनफिनच्या दफनानंतर पाहुणे पांगले, हाल्वर भांडी पुसत उभा होता, आणि म्हणाला, "मी आठवडाभर राहू का?" त्यावर गुद्रुन म्हणाली, "माझ्यासाठी कुणी थांबायला नको. मी काय पांगळी झालेय? जा आपल्या कामाला." रडू आवरायला तिला दुसरं काही सुचलं नव्हतं. पोरगा तिच्याच पोटचा. त्याने फडकं वाळत घातलं आणि गेला. बोललेला शब्द आणि सोडलेली गाय, दोन्ही दावणीला परत येत नाहीत, हे गुद्रुनला सात इयत्तांत कुणी शिकवलं नव्हतं. ते ती घरी शिकली.

तेव्हा दोष तोंडाचा नाही, गाडीचा आहे, असं तिने ठरवलं. गाडीचं काहीतरी करता येण्यासारखं होतं.

सोमवारी तिने सिग्नेला बोलावलं. सिग्ने खाडीपलीकडची. वायरमनचं काम करणारी पन्नाशीची बाई, कमरेला हत्यारांचा पट्टा आणि तोंडाला कुलूप नाही. तिने जिन्याखालची फ्यूजची पेटी उघडली आणि शिट्टी वाजवली.

"गुद्रुन, ही पेटी तुझ्या रुखवतात आली होती का?"

"चालतेय ना?"

"चालतेय, तेच नवल आहे. हे चिनीमातीचे फ्यूज मी शाळेत चित्रात पाहिले होते. आणि ही काळी वायर कुणी ओढली?"

"आनफिनने."

"तो आता देवाकडे आहे, म्हणून कायद्याच्या हातून सुटला."

"माझ्या नवऱ्याच्या वायरीत चाळीस वर्षं दिवे लागले," गुद्रुन म्हणाली. "तुझं लग्न किती टिकलं?"

सिग्ने हसली. तिचं आणि गुद्रुनचं असं गोड होतं. मग तिने कागदावर आकृती काढून समजावलं. पेटीतलं आतलं सगळं बदलायचं, पण बाहेरून येणारी वीज आहे तेवढीच राहणार, त्यामुळे मेन फ्यूजही आहे त्याच ताकदीचा. म्हणून चार्जरला एक अक्कल बसवायची. घरात शेगडी, गीझर, वॉशिंग मशीन चालू झालं की तो आपण होऊन गाडीचा घास कमी करणार. घरातलं बंद झालं की गाडीला पुन्हा पोटभर.

"म्हणजे आधी घर, मग गाडी," सिग्ने म्हणाली. "घरचे जेवून जे उरेल ते गाडीला."

गुद्रुनने पेन्सिल हिसकावून घेतली. "पाहुण्याला उरलंसुरलं? माझ्या घरात?"

"पाहुणा नाही गं, गाडी आहे."

"गाडी आली की पाहुणा आला. माझ्या उंबऱ्यात पाहुणा आधी जेवतो."

"मग पाहुणा जेवेल आणि तू अंधारात बसशील. मेन फ्यूज उडेल."

ते गुद्रुनला पटलं नाही, पण तिने मान्य केलं. आता अडचण जागेची. चढ इतका उभा की गाडी अंगणापर्यंत यायचीच नाही. ती खाली, गवत साठवायच्या कोठारापाशीच उभी राहायची. चार्जर तिथे. म्हणजे घरापासून कोठारापर्यंत पंचवीस मीटर चर खणायचा, बटाट्याच्या वाफ्यातून आणि आनफिनच्या बेरीच्या झुडपांतून.

"विजेचं मी बघते," सिग्ने म्हणाली. "चर तुझा तू खण."

गुद्रुनने इर्जिक घातली. त्या गावात कुणाचं छप्पर, कुणाची होडी, कुणाची चिमणी, सगळं इर्जिकीवरच उभं होतं. मजुरी म्हणून वॅफल आणि कॉफी, आणि काम चुकलं तर चर्चा दहा वर्षं. शेजारचा ओमुंड ट्रॅक्टरला खोदायचा पंजा लावून आला. ओमुंड सत्तरीचा, डिझेलचा भक्त. विजेवरच्या गाड्यांवर त्याचा एवढा राग की जणू त्यांनी त्याची बहीण पळवली होती.

"धूर नाही, वास नाही, आवाज नाही," तो म्हणाला. "असल्या वस्तूला गाडी म्हणतात? मेलेल्या माणसाची लक्षणं आहेत ही."

"तू खण. तुला चढायचं नाहीये त्यात."

"आणि हे कशासाठी? पोरगा दोन महिन्यांनी एकदा येतो त्यासाठी?"

"पोराचा काय संबंध? मलाच हवाय चार्जर."

"तुला? तुला सायकल तरी येते का?"

"तू खण!"

ओमुंडने खणलं. अर्धा चर झाला, बटाटे वाचले, झुडपं वाचली आणि तिसऱ्या झुडपापाशी पंजा खाली गेला तसा पाण्याचा फवारा कोठाराच्या कौलांपर्यंत उडाला. तीन घरांना पाणी देणारी नळी. ती त्या जागेवरून जाते हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो चर्चमागे झोपला होता.

"आनफिनला माहीत होतं," ओमुंड भिजल्या टोपीतून म्हणाला.

"आनफिनला सगळं माहीत होतं," गुद्रुन म्हणाली. "त्याने लिहून काही ठेवलं नाही, एवढंच." आणि ती बराच वेळ त्या फवाऱ्याकडे बघत उभी राहिली. ओमुंडला वाटलं, ती चिडली आहे. ती चिडली नव्हती. नळी कुठून जाते, कोठाराची किल्ली कुठे, पोराला थांब कसं म्हणायचं, हे सगळं आनफिनचं खातं होतं. जाताना त्याने कुणाकडे सोपवलं नव्हतं.

दोन दिवस तीन घरं ओढ्यावरून पाणी भरत होती, आणि बादली खाली ठेवून दम खायला गुद्रुनच्या स्वयंपाकघरात बसत होती. कॉफीचा डबा तळाला लागला. पण नळी जोडली गेली, चर बुजला आणि बुधवारी सिग्नेने कोठाराच्या भिंतीवर पांढरा डबा बसवला. डब्यावर हिरवा दिवा लागला. फोनवरून तो कमीजास्त करता येतो, असं सिग्ने म्हणाली. गुद्रुनचा फोन बटणांचा, त्यात फक्त बोलता यायचं. म्हणून सिग्नेने ते सगळं बर्गन शहरात राहणाऱ्या हाल्वरच्या फोनात जोडून दिलं.

बातमी खाडीभर झाली. गुरुवारी घरोघर फिरणारी नर्स गाडी लावून गेली. शुक्रवारी चर्चचे पाद्री आले, तीन वर्षांत पहिल्यांदाच, आणि गाडी भरेपर्यंत गुद्रुनच्या आत्म्याची विचारपूस करत बसले. सत्तर टक्क्यांना आत्मा ठीक असल्याचं ठरलं. शनिवारी टपालवाली. ज्याच्यासाठी मांडव घातला तो सोडून सगळा गाव जेवून जात होता. गुद्रुन प्रत्येकाला वॅफल वाढायची, आणि खाली कोठारापाशी चाकांचा आवाज आला की हातातलं टाकून खिडकीशी जायची.

पंधरा दिवसांनी, मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी पावणेअकराला, हाल्वर आला.

त्याने गाडी लावली, डब्याकडे बघून मान डोलावली, वर आला, बूट काढले. आणि जाकीट काढलं. दाराशेजारच्या खुंटीवर टांगलं. गुद्रुनने ते पाहिलं आणि घाईघाईने कॉफीच्या भांड्याकडे वळली, कारण तिच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं होतं ते दाखवण्याजोगं नव्हतं.

"काय भारी काम झालंय, आई!" हाल्वर खुर्चीत पूर्ण टेकून बसला आणि फोन बघून म्हणाला. "एकोणीस टक्क्यांवर आलो होतो. तीनपर्यंत घरी पोचण्यापुरती भरेल. साडेचारची फेरी सहज मिळते."

भांडं गुद्रुनच्या हातात तसंच राहिलं.

साडेचारची! आजवर तो निदान शेवटच्या फेरीपर्यंत बसायचा. तिने पंचवीस मीटर चर खणून, तीन घरांचं पाणी तोडून, नवऱ्याची पेटी उपटून पोराची जायची वाट गुळगुळीत करून ठेवली होती. आपल्याच हाताने पाखराला पंख शिवून दिले होते. आता "थांब" म्हणावं, एवढाच एक शब्द. तो घशापर्यंत आला, तिथे त्याची तिच्या जिभेशी गाठ पडली, आणि बाहेर आलं ते असं:

"बरंच झालं. लवकर निघ. मलाही कामं आहेत."

"हो का," हाल्वर म्हणाला. थोडा वेळ त्याने टेबलावरच्या मेणकापडाचा कोपरा दुमडला, उलगडला. "मी जरा हात धुऊन येतो."

तो गेला, आणि गुद्रुनला सिग्नेची आकृती आठवली. घरचे जेवून जे उरेल ते गाडीला. तेव्हा या वाक्याचा तिला केवढा राग आला होता! आता तेच वाक्य देववाणीसारखं डोक्यात घुमलं. घर जर जेवतच राहिलं, तर?

तिने ओव्हन पेटवला. कणीक मळलेली नव्हती, म्हणून आधी रिकामाच. मग गीझर शेवटच्या आकड्यावर. वॉशिंग मशीनमध्ये हाल्वरच्या पलंगावरची स्वच्छ चादर कोंबून नव्वद डिग्रीवर सुरू केली. शेगडीच्या चारही चुली लावल्या, एकीवर बटाटे, एकीवर मासे, दोहोंवर नुसतं पाणी. हाल्वर बाहेर आला तेव्हा ती पाव मळत होती, कोपरापर्यंत पिठात.

"एवढं काय चाललंय?"

"शनिवार आहे. शनिवारी मी असंच करते."

हाल्वरने फोनकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "अरेच्चा! आता दाखवतंय सात वाजतील."

"काय सांगतोस!" गुद्रुनने पावाला असा गुद्दा घातला की टेबल हललं. "नवीन वस्तूंचं असंच असतं."

"सातला भरली तर शेवटची फेरी मिळेल. थोडी घाई होईल."

म्हणजे अजून कमी पडत होतं. गुद्रुन उठली आणि घरातले सगळे हीटर लावत सुटली. बैठकीतला, माजघरातला, संडासातला. बाहेर सफरचंदाला फुलं आली होती, मेंढ्या सावली शोधत होत्या, आणि घरात जानेवारीची भट्टी. हाल्वरने शर्टाची बटणं सोडली.

"आई, थंडी वाजतेय का तुला?"

"हाडं. तुला काय कळणार या वयात हाडांचं."

"मग खिडकी का उघडलीस?"

"हवा यायला."

दोघं घामाघूम होऊन मासे आणि बटाटे जेवले. गुद्रुन मधूनच उठून इस्त्री लावत होती, केस वाळवायचं यंत्र लावत होती, वॅफलचा साचा तापवत होती. घरात एकही बटण रिकामं राहिलं नाही. दर अर्ध्या तासाने ती, सहज विचारल्यासारखी, "काय म्हणते गाडी?" विचारायची, आणि हाल्वर, सहज सांगितल्यासारखा, "सव्वाआठ म्हणते," "साडेआठ म्हणते," सांगायचा. शेवटची फेरी नऊला सुटायची, आणि धक्का वीस मिनिटांवर. अजून एक धक्का हवा होता.

तेवढ्यात खिडकीबाहेरून ओमुंड चालला होता. गुद्रुनने त्याला हाक मारली आणि अंगणात गाठलं.

"ओमुंड, तुझं फाटक मोडलंय ना?"

"दहा वर्षं झाली."

"आनफिनचं वेल्डिंग मशीन कोठारात आहे. आण फाटक, जोडून टाक."

"आज?"

"आत्ता."

"गुद्रुन, दहा वर्षं तू त्या फाटकावरून मला टोमणे मारतेयस, आणि आज..."

"आणतोस, का मेंढ्या तुझ्या बटाट्यांत सोडू?"

ओमुंडने फाटक आणलं. मशीनचा प्लग लावला, डोळ्यांवर काळी काच ओढली, आणि पहिली ठिणगी पाडली. एक बिजागरी जोडून झाली. दुसरीला हात घातला, आणि जिन्याखालून असा आवाज आला की कुणी जाड फांदी गुडघ्यावर मोडली असावी. वॉशिंग मशीन थांबलं. ओव्हन थांबला. हीटरांचे लाल डोळे मिटले. कोठारावरचा हिरवा दिवा गेला. घरात इतकी शांतता झाली की भिंतीवरचं किल्लीचं घड्याळ ऐकू आलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मेन फ्यूज," हाल्वर म्हणाला.

"आता रे?" गुद्रुन म्हणाली. तिला काळजीच्या आवाजात म्हणायचं होतं. जमलं असावं, असं तिला वाटलं.

"पस्तीस टक्के झालीय. बर्गनपर्यंत नाही पुरायची. आणि आज गावोगाव पोरांचे चर्चचे समारंभ, धक्क्यावर तर जत्रा असणार."

त्याने सिग्नेला फोन लावला आणि आईला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. पलीकडे गाणी, बशा, पोरांचा गलका.

"माझ्या भाचीचा समारंभ आहे, मी केक कापतेय!" सिग्ने ओरडली. "उद्या दुपारी येते. पण फारच घाई असेल तर आत्ताच..."

"काही घाई नाही!" आई आणि पोरगा एका दमात म्हणाले.

पलीकडे क्षणभर फक्त बशा वाजल्या. "बरं," सिग्ने म्हणाली.

मग जे व्हायचं ते झालं. कच्चा राहिलेला पाव गुद्रुनने कापून लाकडाच्या चुलीवर भाजला. वर लोणी आणि तपकिरी चीज. ओमुंड अर्धं जोडलेलं फाटक कोठाराला टेकवून आला, तीन काप खाऊन, "विजेचं हे असंच. डिझेल कधी दगा देत नाही," असं समाधानाने म्हणून गेला. दिव्यांची गरजच नव्हती, खाडीवरचा उजेड दहा वाजले तरी हलत नव्हता. हाल्वरने पत्त्यांचा जुना जोड शोधून काढला. खेळताना त्याने बापासारखी लबाडी केली, गुद्रुनने आनफिनला द्यायची तीच शिवी दिली, आणि दोघंही पानांत तोंड घालून काही वेळ खेळायचे थांबले. चादर मशीनमध्ये भिजून अडकली होती. पण दुसरी काढून ठेवलेली होती. अशा तिच्याकडे तीन वर्षांच्या शनिवारांएवढ्या होत्या.

रविवारी दुपारी सिग्ने आली ती समारंभाच्या पोशाखातच. भरतकामाचा झगा, छातीवर चांदीचा ब्रोच आणि कमरेला हत्यारांचा पट्टा. पेटी उघडून तिने नवा फ्यूज घातला, घर पुन्हा गुरगुरू लागलं. मग पायरीवर बसून तिने स्वतःचा फोन काढला.

"आता बघू, हे कशाने झालं. मला इथे सगळं दिसतं. किती वाजता, कुणी, किती." ती वाचायला लागली आणि तिची बोटं थबकली. "गुद्रुन, काल तू घरात काय भट्टी लावली होतीस?"

"शनिवार होता."

"ओव्हन, गीझर, हीटर... आणि वर वेल्डिंग? अगं, सगळा गाव तापला असता एवढ्यात! कशासाठी?"

गुद्रुनने अंगणातल्या कोंबडीकडे बघायला सुरुवात केली.

सिग्ने काही मूर्ख नव्हती. तिने कोंबडीकडे पाहिलं, गुद्रुनकडे पाहिलं, दारात उभ्या हाल्वरकडे पाहिलं. "आधी घर, मग गाडी," ती हळूच म्हणाली. "गाडीला उपाशी ठेवत होतीस होय! पण गुद्रुन, तुझी सगळी मेहनत वाया गेली. या गाडीला तू उपाशी ठेवलंच नाहीस."

"म्हणजे?"

"हे बघ. डबा बत्तीस अँपिअरवर होता, पूर्ण जोरावर. अकरा वाजून पाच मिनिटांनी कुणीतरी तो सहावर आणला. सहा म्हणजे थेंब थेंब. त्याच्या खाली तो जातच नाही. तू ओव्हन लावलास अकरा वाजून नऊला. तोवर गाडीच्या घशाला बोळा बसला होता. तू दिवसभर नुसती हवा भाजलीस."

"अकरा पाचला मी कुठे डब्यापाशी गेले?"

"डब्यापाशी जावं लागत नाही. हे फोनवरून झालंय."

त्या घरात असा फोन एकाच माणसाकडे होता, आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी तो हात धूत होता. गाडी सव्वाआठ म्हणते, साडेआठ म्हणते, हेही त्याच्याच मनातलं होतं. गुद्रुन वळली. हाल्वर शेहेचाळीस वर्षांचा होता, बर्गनमध्ये सतरा माणसं त्याच्या हाताखाली होती, आणि त्याचे कान सात वर्षांच्या पोरासारखे लाल झाले होते.

"तू म्हणालीस, लवकर निघ," तो म्हणाला. "तुला कामं होती."

"मी काहीही म्हणते!" गुद्रुन ओरडली. "तुझा बाप पंचेचाळीस वर्षं माझं ऐकून न ऐकल्यासारखं करत होता, म्हणून संसार झाला! तू कुठून एवढा आज्ञाधारक निघालास?"

कोंबडी दचकून कोठाराकडे पळाली. सिग्नेने ब्रोच उगाच सरळ केला.

"मी निघते," ती म्हणाली. "तेवढं सांगा, डबा कितीवर ठेवू? बत्तीसवर ठेवला तर संध्याकाळपर्यंत भरेल. सहावर ठेवला तर उद्या सकाळ."

हाल्वर आईकडे बघत होता. गुद्रुन तोंड उघडून उभी होती. उत्तर जिभेवर तयारच होतं, नेहमीचं, धारदार, "मला काय विचारतेस, गाडी त्याची." ते तिने गिळलं. असं काही गिळायची सवय नव्हती, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं.

"सहावर," ती म्हणाली.

हाल्वर सोमवारी सकाळच्या फेरीने गेला. गाडी नेहमीसारखी आवाज न करता वळणावर संपली. गुद्रुन खिडकीतून मागे वळली तेव्हा तिला खुंटीवर जाकीट दिसलं. तिने लगेच बटणांचा फोन उचलला.

"जाकीट विसरलास, वेंधळ्या! वरून वारा सुटलाय."

पलीकडे फेरीचं इंजिन घुमत होतं, सीगल ओरडत होते.

"विसरलो नाही, आई," हाल्वर म्हणाला.

गुद्रुनने जाकिटाची बाही हातात धरली. "फुकट खुंटी अडवून ठेवलीस," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

थोड्या वेळाने ओमुंड वेल्डिंगची काळी काच कपाळावर चढवून दारात उभा राहिला. "वीज आली ना? मग दुसरी बिजागरी उरकून टाकतो."

"हात लावू नकोस त्या फाटकाला!"

"अगं, शनिवारी तूच तर..."

"असू दे तसंच अर्धं," गुद्रुन म्हणाली. "हाल्वर पुन्हा येईल तेव्हा लागेल."